रेटिनोब्लास्टोमामध्ये डोळा काढावाच लागतो का? हा आजार आईकडून येतो का?

तुम्ही लिहिलंय की दीड वर्षाच्या पुतणीच्या एका डोळ्यात रेटिनोब्लास्टोमा, म्हणजे लहान मुलांना होणारा डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर, निघाला, डॉक्टर डोळा काढायला सांगतायत आणि घरात 'वहिनींच्या माहेरून आलं असेल' अशी कुजबुज चालू आहे. कुजबुजीचं आधी बघू. माझ्या मुलीला हाच आजार झाला तेव्हा मी ती आमच्याच स्वयंपाकघरात ऐकलीय.

हा कॅन्सर 'आरबी १' नावाच्या जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडल्या की होतो. अमेरिकी संशोधक नुडसन यांनी १९७१ मध्ये हा दोन धक्क्यांचा हिशोब मांडला. एकाच डोळ्यात असेल तर बहुतेक वेळा दोन्ही धक्के त्या डोळ्यातल्याच पेशीला बसलेले असतात, आई-बापाचा संबंध नसतो. दोन्ही डोळ्यांत असेल तर तो बदल जन्मापासून अंगभर असतो, पण तेव्हाही बहुतेक घरांत आधी कुणालाच हा आजार नसतो. आणि असा नव्याने झालेला बदल बहुतांश वेळा वडिलांकडून आलेल्या प्रतीत सापडतो. हे वाक्य मी आमच्या मोठ्या भाऊजींना जेवणाच्या पंगतीत ऐकवलं होतं. वडिलांचाही त्यात काही दोष नसतो म्हणा, पण त्या दिवशी मी तेवढं सांगत बसले नाही.

तेव्हा आमची मुलगी सव्वा वर्षाची होती. फ्लॅशच्या फोटोत एका बाहुलीत पांढरी चमक, थोडा तिरळेपणा. गावातल्या डॉक्टरांनी मोठी झाली की जाईल म्हणून परत पाठवलं. पुढे मुंबईत भूल देऊन, बाहुल्या मोठ्या करून तपासलं, सोनोग्राफीत गाठीत कॅल्शियमचे कण दिसले, एमआरआय झाला. गट 'ई', म्हणजे डोळ्याच्या आत आजार सगळ्यात पुढे गेलेला. जाऊबाई म्हणाल्या, "तुकडा न तपासताच कॅन्सर कसा म्हणतात? पैसे काढायचे धंदे!" अहो, यात सुई घालून तुकडा काढतच नाहीत. सुईच्या वाटेने पेशी बाहेर पडू शकतात. भाऊजींचं वेगळंच: "मुलीची जात आहे, डोळा काढल्यावर लग्न कसं व्हायचं? आधी कुणाचे तरी थेंब घालून बघू." नवरा गप्प. सही मी केली.

थेंबांनी ही गाठ जात नाही. ती डोळ्यामागच्या नसेतून मेंदूकडे सरकू शकते. डोळ्यातच असताना पकडली तर बहुतेक मुलं वाचतात, म्हणून आठवडे वाया घालवणाऱ्या नातेवाइकांचा मला अजूनही राग येतो. काढलेला डोळा पॅथॉलॉजीला जातो, नसेपर्यंत पोहोचलंय का ते तिथे कळतं आणि त्यावर केमो ठरते. आमच्या मुलीला लागली नाही. खोबणीत गोळा बसवतात, काही आठवड्यांनी मापाचा कृत्रिम डोळा. आता ती तो स्वतः काढून धुते आणि मामेभावंडांना मुद्दाम घाबरवते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं म्हणाल तर काढावाच लागतो असं नाही. गाठ लहान असेल तर केमो, लेसर, गोठवण्याचे उपचार, डोळ्यावर बसवायची रुथेनियमची किरणोत्सारी चकती (ती आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रातही बनते) असं बरंच आहे. पुतणीचा गट कोणता ते तुम्ही लिहिलंच नाहीये. टाटा, हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, दिल्लीचं एम्स इथे असे रुग्ण सतत येतात. दुसरं मत घ्यायचं तर तिथलं घ्या आणि याच आठवड्यात घ्या.

मी डॉक्टर नाही. फोटोतली प्रत्येक पांढरी चमक कॅन्सरची नसते, मोतीबिंदूनेही येते. पुतणीला भावंडं असतील तर त्यांचे डोळे तपासून घ्या आणि जनुकांची रक्ततपासणी करा, कारण एका डोळ्याच्या आजारातही काही मुलांत बदल अंगभर निघतो, मग दुसऱ्या डोळ्यावर आणि पुढे इतर कॅन्सरवर लक्ष ठेवावं लागतं. रिपोर्ट येईपर्यंत वहिनींच्या माहेराबद्दल कुणी तोंड उघडू नये. आमचा रिपोर्ट निर्मळ आला. भाऊजींनी तो अजून वाचलेला नाही. फाईल कपाटात आहे, कधीही मागावी.