साथीत किती माणसं मरणार, हे लोकांच्या मूळ प्रकृतीवर ठरतं का?

हो, बऱ्याच अंशी. १९१८ च्या इन्फ्लुएंझात मुंबई शहरात युरोपीय लोक दर हजारी साधारण ८ दगावले, तर सरकारी नोंदींत ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हणून मोजलेले ६१ च्या वर. विषाणू तोच! त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागलं होतं, आणि अर्धपोटी शरीर फ्लूमागून येणाऱ्या न्यूमोनियापुढे टिकत नाही. मात्र सगळं खापर प्रकृतीवर फोडता येणार नाही: चाळीतली दाटी आणि आजाऱ्याला पाणी द्यायलाही कोणी उठू न शकणं, हेही त्याच आकड्यात मिसळलंय. शिवाय त्या साथीने २० ते ४० वयाच्या धडधाकट माणसांनाही भरपूर ओढून नेलं.