पावतीच्या कोपऱ्यातलं 'आयएल' बघितलं का भाऊ?

काटोलच्या एका भाऊंनी विचारलंय, आणि परीक्षा फॉर्म सुरू झाले की असं विचारणारे मला नागपुरात वकिली करताना दर वर्षी भेटतातच. पोरगी ओबीसी, घरचं उत्पन्न दोन लाखाच्या आत, 2024 ला हिंगण्याकडच्या एका प्रायव्हेट इंजिनिअरिंग कॉलेजात ॲडमिशन घेतली, मुलींची फी शासनाने माफ केली म्हणून हे निश्चिंत राहिले, आणि आता सेकंड इयरला कॉलेज दोन्ही वर्षांची पूर्ण फी मागतंय. दहावी-बारावीच्या ओरिजिनल मार्कशीट अडवून ठेवल्यात आणि चौथ्या सेमिस्टरचा फॉर्म भरू देत नाहीयेत, आता काय करायचं?

भाऊ, 8 जुलै 2024 चा जीआर तुम्ही मला चारदा फॉरवर्ड केलाय, तो मला पाठ आहे. ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएस मुली, आठ लाखांपर्यंत उत्पन्न, शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ, हे सगळं खरं. पण त्यातलेच दोन-तीन शब्द तुम्ही ओलांडून गेलात, 'केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेद्वारे'. म्हणजे कॅप, राज्यभर एकत्र मेरिटने सीट वाटायची सरकारी प्रक्रिया. तुमची केस इथंच अडली.

तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत कॅपचं अलॉटमेंट लेटर आहे, ते अमरावतीच्या कॉलेजचं. ती सीट तुम्ही सोडली, कारण हिंगण्याला पोरीची मावशी राहते. कारण समजतं मला, कोणत्याही बापाला समजेल. पण पाचव्या फोटोत हिंगण्याच्या कॉलेजची पावती आहे, तिच्या कोपऱ्यात निळ्या पेनने 'आयएल' लिहिलंय. इन्स्टिट्यूट लेव्हल, म्हणजे कॅपबाहेर कॉलेजने स्वतःच्या पातळीवर भरलेली सीट. त्या एका अक्षरजोडीने फीमाफी गेली आणि तुम्ही काउंटरवर विचारलंसुद्धा नाही की हे काय लिहिलं. "शासन देईल हो" असं क्लार्क म्हणाला म्हणता, पण तोंडी बोलणं मी कोर्टात कसं लावू? महाडीबीटीचा, म्हणजे शासनाच्या स्कॉलरशिप-फीमाफी पोर्टलवरचा फॉर्म रिजेक्ट झाल्याचा मेसेज पहिल्याच वर्षी आला होता, तेव्हाच तुम्ही माझ्याकडे आला असतात तर एका वर्षाचाच प्रश्न होता.

एक बारीक जागा शिल्लक आहे. आयएल लिहिलं तरी सीट मूळची कोणती होती, मॅनेजमेंट कोट्यातली का कॅपमध्ये रिकामी राहिलेली आणि नंतर संस्थेने मेरिटने भरलेली, हे कॉलेजकडून लेखी मागा. दुसरी असेल तर भांडता येईल, जिंकूच असं मी म्हणत नाही. सदरला गव्हर्नमेंट पॉलिटेक्निकच्या आवारात तंत्रशिक्षण सहसंचालकांचं विभागीय ऑफिस आहे, तिथं अर्ज द्या आणि पोच घ्या, पोच नसेल तर तो अर्ज दिलाच नाही असं समजा.

फी द्यावी लागली तरी कॉलेज म्हणेल तेवढी द्यायची नाही. 2015 च्या राज्याच्या कायद्याने विनाअनुदानित कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, कॉलेजवार मंजूर आकडा त्यांच्या वेबसाइटवर असतो. तो काढा आणि मागणीपत्राशी ओळ-ओळ लावून बघा. डेव्हलपमेंट, लॅब, ड्रेस असल्या नावांनी वर काही चढवलं असेल तर त्याची तक्रार प्राधिकरणाकडे होते, आणि बिनपावतीचं काही घेतलं असेल तर 1987 चा कॅपिटेशन फी बंदीचा कायदाही आहे.

मार्कशीटबद्दल मात्र मला काही शंका नाही. फी बाकी आहे म्हणून ओरिजिनल दाबून ठेवता येत नाही, एआयसीटीईचे, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेचे नियम तसेच आहेत. बाकी फी वसूल करायला त्यांना दिवाणी दावा आहे, पोरीचे कागद ही काही गहाण टाकायची वस्तू नव्हे. आजच प्राचार्यांच्या नावाने पत्र द्या, सात दिवसांची मुदत टाका, एक कॉपी विद्यापीठाला.

आणि फॉर्मची शेवटची तारीख मला आजच कळवा. नाही ऐकलं कॉलेजने तर नागपूर खंडपीठात रिट टाकू, परीक्षेला बसू द्या एवढा अंतरिम आदेश मागता येतो, पण तो मिळेलच असं नाही आणि कोर्टाच्या बोर्डावर मॅटर यायलाच दिवस जातात, मध्ये सुट्ट्या आल्या तर आणखी. गेल्या वर्षी एक पोरगा हॉलतिकीट अडल्यामुळे पेपरच्या आदल्या संध्याकाळी फाईल घेऊन माझ्या ऑफिसच्या पायरीवर बसला होता, पेपर सकाळी दहाला. त्याचं सेमिस्टर गेलं. अजून आठवतं मला त्याचं तोंड.

तोवर कॉलेज स्टॅम्पपेपरवर 'सर्व फी मान्य' असं लिहून मागेल. पोरीला सांगून ठेवा, माझ्याकडून वाचून घेतल्याशिवाय सही करायची नाही.