गावाचा प्रभाव की स्वतःची इच्छा?

प्रश्न : आमचे घर नोकरदारांचे आहे. इचलकरंजीत यंत्रमाग टाकण्याची इच्छा माझी आहे की गावाच्या वातावरणाची, हे कसे ओळखावे?

उत्तर : दोन्ही वेगळे काढणे अवघड आहे आणि त्यात कमीपणा मुळीच नाही. १९०४ मध्ये विठ्ठलराव दातारांनी तेथे पहिला यंत्रमाग बसवला, तेव्हा त्यांच्या धाडसाला जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांचे प्रोत्साहन होते. आज सायझिंग (विणण्याआधी सुताला खळ देण्याची सोय), सूतव्यापारी आणि जॉबर (माग जुळवणारे व दुरुस्त करणारे कारागीर) हाताशी असल्याने, शिवाय व्यापाऱ्याचे सूत मजुरीवर विणून देणाऱ्या खर्चीवाल्याला सुतात भांडवल गुंतवावे लागत नसल्याने, सुरुवात सोपी वाटते. मात्र मजुरीचा दर त्याच्या हाती नसतो. ठरावीक पगाराची सवय असलेल्या घराला हीच अनिश्चितता सर्वाधिक जाचते, म्हणून आधी वर्षभर एखाद्या कारखान्याचे हिशेब सांभाळून पाहावेत, असे मला कळकळीने सुचवावेसे वाटते.