फोडणीतला हिंग : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी मोहरीबरोबरच हिंग घालते. वरण कधी कडवट लागतं, तर कधी हिंगाचा मागमूसही नसतो. (सोलापूर)

उत्तर : चूक 'मोहरीबरोबरच' मध्ये आहे. मोहरी तडतडायला तेल कडकडीत लागतं आणि त्या तापात हिंगाची पूड पाहता पाहता करपते. एक वाटी तूरडाळीला दोन चहाचे चमचे तेल घ्या. अर्धा चमचा मोहरी पुरती तडतडू द्या, जिरं फुललं की गॅस बंद करा आणि मग हिंग घाला, पाव चमच्याला थोडा कमीच. तो पडताक्षणी बारीक फसफसला पाहिजे. तीन-चार सेकंदांत नाकात जाणारा उग्र दर्प मावळतो आणि कांदा-लसूण परतल्यासारखा वास सुटतो. तेवढ्यात कढीपत्ता, हळद आणि लगेच डाळ.

फसफसला नाही तर तेल निवलेलं आहे. पूड तळाशी बसते आणि कच्चट लागते. काळा पडला तर ती फोडणी सरळ टाकून द्या. गूळ-आमसुलानं तो कडूपणा झाकला जात नाही. बिनफोडणीच्या साध्या वरणात मात्र हिंग हळदीबरोबर कुकरमध्येच, डाळ शिजायला लावताना घालावा.

प्रश्न : खडा हिंग आणला. मिक्सरमध्ये नुसता चिकटून बसला. किती आणि कसा वापरायचा? (डोंबिवली)

उत्तर : हिंग म्हणजे झाडाच्या मुळाला चिरा देऊन काढलेला, वाळलेला चीक, चिकटणारच. डबीतल्या पुडीत मैदा किंवा तांदळाचं पीठ आणि डिंक मिसळलेला असतो, म्हणून ती मोकळी राहते आणि सौम्यही लागते. अस्सल खडा एका वाटी डाळीला मुगाएवढा पुरे. चमचाभर तुपात मंद आचेवर तळा, फुलून हलका झाला की काढा, पूर्ण गार होऊ द्या आणि खलबत्त्यात कुटा. गरम असताना कुटलात तर बत्त्याला चिकटेल. दुसरी रीत : हरभऱ्याएवढा खडा दोन चमचे कोमट पाण्यात रात्रभर भिजवायचा. पाणी दुधाळ होतं, तेच आमटीत घालायचं. फ्रिजमध्ये तीन दिवस टिकतं.

हा चीक मुख्यतः अफगाणिस्तान, इराण, उझबेकिस्तानातून येतो आणि हाथरसला त्याची पूड बनते. आपल्याकडे लागवडीचा पहिला प्रयोग 2020 मध्ये हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात सुरू झाला.

प्रश्न : घरी एकाला गहू वर्ज्य आहे. हिंग चालेल? (नाशिक)

उत्तर : वेष्टनावरचे घटक वाचल्याशिवाय नाही. मैदा किंवा गव्हाचं पीठ लिहिलं असेल तर चिमूटभरही नको. तांदळाच्या पिठाचा आणि 'ग्लुटेनमुक्त' लिहिलेला घ्या.

प्रश्न : कैरीच्या लोणच्यात हिंग कच्चा की तळून? (रत्नागिरी)

उत्तर : दोन्ही. किलोभर फोडींना 15 ग्रॅम पूड धरा. निम्मी मसाल्यात कोरडीच कालवा, निम्मी फोडणीच्या तेलात. तेल मोहरी तडतडून थोडं निवलं की मगच ती घाला, आणि फोडणी पूर्ण गार झाल्यावरच लोणच्यावर ओता. गरम ओतली तर फोडी मऊ पडतात. खडा असेल तर पाच ग्रॅम, तळून कुटलेला. ओला चमचा आत गेला तर कितीही हिंग असो, बुरशी धरतेच.

हिंगाची डबी चहाच्या डब्याशेजारी ठेवू नका; चहाला वास लागतो. आणि एका वेळी 50 ग्रॅमहून जास्त आणू नका, उघडझाकीत वास उडत जातो.