वॉर्ड सोडून सार्वजनिक आरोग्यात गेलं, तर शिकलेलं वाया जातं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वॉर्डात काही वर्षं काढल्यावर सार्वजनिक आरोग्य परिचारिकेची जागा चालून आली आहे, पण तिकडे नुसती रजिस्टरं भरायची आणि लसी टोचायच्या, हातातलं कसब गंजतं, असं सगळे सांगतात. मी दोन्हीकडे काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

रजिस्टरांचं आधी उरकते. ती आहेत, भरपूर आहेत, आणि त्यातली काही कोण वाचतं देव जाणे. पण राहिलेल्यांची यादी मात्र जिवापाड सांभाळायची. कोणत्या बाळाची लस चुकली, कोणती गरोदर बाई तपासणीला आली नाही, क्षयाच्या गोळ्या न्यायला कोण फिरकलं नाही, हे त्यात असतं. वॉर्डात पेशंट समोर कॉटवर असतो. इथे जो आलाच नाही, त्याच्याकडे आपल्याला जावं लागतं. माझ्या मते या कामाचा सगळा जीव यातच आहे.

गोवराचंच घ्या. साथ रोखायची तर साधारण ९५ टक्के मुलांना लसीचे दोन्ही डोस मिळालेले असावे लागतात. बहुतेक आया आपणहून येतात, त्यांच्यासाठी फार काही करावं लागत नाही. खरी मेहनत उरलेल्या मोजक्या घरांसाठी, आणि प्रत्येक घरचं कारण निराळं. मागच्या डोसनंतर बाळ तापलं म्हणून एक घाबरलेली असते, दुसरीचा रोज बुडतो, तिसरीचं कार्ड हरवलंय आणि सिस्टर ओरडतील म्हणून ती तोंड चुकवते. लसीच्या महत्त्वावरचं भाषण तिघींपैकी एकीच्याही कामाचं नाही. पहिलीला ताप का येतो आणि आला तर काय करायचं हे सांगा, दुसरीला सोयीची वेळ द्या, तिसरीला गुपचूप नवं कार्ड करून द्या.

हे आजचं नाही. १९०२ साली न्यूयॉर्कच्या शाळांत डॉक्टर मुलं तपासायचे आणि खरूज, उवा, डोळे आलेले दिसले की घरी पाठवायचे. घरी उपचार कोण करणार? मुलं नुसतीच शाळेबाहेर राहायची. मग लिना रॉजर्स या परिचारिकेला तिथे नेमलं. ती शाळेतच मलमपट्टी करायची आणि मुलांच्या घरी जाऊन आयांना दाखवून द्यायची. एका वर्षात घरी पाठवल्या जाणाऱ्या मुलांची संख्या सुमारे ९० टक्क्यांनी घटली. आजार ओळखणारे आधीही होते, पाठपुरावा करणारं कोणी नव्हतं.

आता कसबाबद्दल. बाळंतिणीच्या घरी गेलात की मॉनिटर नाही, बाजूला डॉक्टर नाही. बाळ शांत असताना त्याचा श्वास पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजायचा. ६० किंवा त्याहून जास्त आला तर पुन्हा मोजायचा, आणि तसाच राहिला तर थांबायचं नाही, लगेच दवाखान्यात पाठवायचं. छाती आत ओढली जाते का, तळपाय गार आहेत का, ओढून पितंय का, हे बघेपर्यंत कान आईकडे असावा लागतो. घरचे म्हणतात, थकलीय बिचारी. ती मात्र तुमच्या नजरेला नजर देत नाही आणि बाळाला कोणीतरी दुसऱ्यानेच घ्यावं असं तिला वाटत असतं. प्रसूतीनंतरचं नैराश्य अशा वेळी पकडणारं बहुधा तुमच्याशिवाय कोणी नसतं. गंजायला फुरसत कुठली?

क्षयाच्या औषधांचंही तसंच. नेहमीचा कोर्स सहा महिन्यांचा, पण काही आठवड्यांत खोकला कमी होतो आणि माणसाला वाटतं, झालो बरा. त्यातून रिफाम्पिसिन या क्षयाच्या औषधाने लघवी नारिंगी होते. हे पहिल्याच दिवशी सांगितलं नाही, तर माणूस घाबरून गोळ्या बंद करतो आणि कोणाला सांगतही नाही. शिवाय अशा घरी थेट जाऊ नका. सिस्टर कोणाच्या दारात थांबल्या हे सगळ्या गल्लीला दिसतं. शेजारच्या दोन घरीही डोकावून या.

त्रास आहेच. एका वस्तीत जुलाबाचे पेशंट वाढले, तर ओआरएस आणि झिंक तुम्ही द्याल, फुटलेली पाइपलाइन तुम्हाला जोडता येणार नाही. पण कोणत्या गल्लीत किती पेशंट, हे तारखेनिशी कागदावर मांडून वर पाठवता येतं, आणि तोंडी तक्रारीपेक्षा त्या कागदाला वजन असतं. गरिबी मात्र रोज अंगावर येते. १८५९ मध्ये इंग्लंडमधल्या लिव्हरपूलच्या विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याने मेरी रॉबिन्सन या परिचारिकेला तीन महिन्यांसाठी गरिबांच्या घरी शुश्रूषेला नेमलं, तेव्हा महिन्याभरातच ती रडत परत आली होती. त्याने समजूत काढली, ती टिकली, आणि मुदत संपल्यावर तिलाच ते काम सोडायचं नव्हतं. पहिले काही महिने तुमचंही असं होईल, तेव्हा एखादी जुनी सहकारी बोलायला असू द्या.

माझं मत विचाराल तर जा. फक्त जागा घेण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: तुमच्या वाट्याला लोकसंख्या किती, फिरायला वाहन कोणाचं, आणि गंभीर पेशंट पाठवायचा झाला तर रात्री फोन कोण उचलतं. तिसऱ्याचं उत्तर गोलमोल मिळालं, तर आधी तिथे काम करणाऱ्या सिस्टरशी एकटीने बोला.