संरक्षण आणि विमान उद्योगाला मिळणारं सरकारी पाठबळ सांगली-साताऱ्यापर्यंत पोचतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : मेकॅनिकल डिप्लोमाचं शेवटचं वर्ष, घर विट्याजवळ, वडिलांचा अडीच एकर ऊस, काकांचं छोटं टर्निंगचं वर्कशॉप. संरक्षण आणि विमान क्षेत्रातल्या नोकऱ्यांसाठी सरकार एवढं करतंय असं ऐकता, त्यातलं आपल्या भागात काय येतं? आणि विमानाचं हरित इंधन उसापासून होणार म्हणतात, ते कितपत खरं?

ताई, दोन्ही प्रश्न एकत्र विचारलेत ते बरं केलंत. माझ्या मते दोन्हीचं उत्तर एकाच जागी येऊन मिळतं.

मी कुपवाड एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये क्वालिटी बघतो. एकवीस वर्षं झाली. सुरुवातीला सगळे जॉब पंपाचे आणि ट्रॅक्टरचे होते, गेली नऊ वर्षं विमानाचेही असतात. बघून विमान आठवेल असं त्यात काही नसतं. तळहाताएवढे ॲल्युमिनिअमचे ब्रॅकेट, बुश, स्पेसर. इथून ते पुण्याला नाहीतर बंगळुरूला जातात आणि तिथल्या जुळणीत कुठेतरी आत बसतात. आमच्या शेडमध्ये चौतीस माणसं आहेत. त्यातली अकरा या कामामुळे लागली.

ती अकरा कशामुळे लागली ते सांगतो, कारण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे. सांगलीच्या नावाने कुठलीही योजना आली नव्हती. ऑगस्ट २०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने १०१ वस्तूंची पहिली यादी काढली, ठरलेल्या तारखेनंतर या वस्तू परदेशातून घ्यायच्या नाहीत म्हणून. मग अशा आणखी याद्या आल्या. फेब्रुवारी २०२१ मध्ये हवाई दलासाठी ८३ तेजस मार्क १ए लढाऊ विमानांचा सुमारे ४८,००० कोटींचा करार झाला, सप्टेंबर २०२५ मध्ये आणखी ९७ विमानांचा. ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकजवळच्या ओझरला एचएएलच्या (हिंदुस्थान एरोनॉटिक्स, सरकारी विमान कंपनी) नव्या लाइनवरून पहिलं तेजस उडालं. वरच्या कंपनीला पुढची दहा वर्षं भरलेली दिसली की ती खालच्याला तीन वर्षांचं काम बोलते. तीन वर्षांचं काम दिसलं की आमचे मालक बँकेत जाऊन फाइव्ह ॲक्सिस मशीनची (एकाच वेळी पाच दिशांनी धातू कापणाऱ्या) गोष्ट काढतात. मशीन आलं की त्यावर सेटर लागतो, दोन ऑपरेटर लागतात, तपासायला एक माणूस लागतो. पाठबळ आमच्यापर्यंत पोचतं ते असं, ऑर्डरच्या रूपाने, एकेक पायरी उतरत. अनुदानाचा चेक म्हणून ते क्वचितच येतं.

सांगलीकरांना हे नवं वाटायचं कारण नाही. ज्यांच्या नावाचं कॉलेज विश्रामबागेत उभं आहे त्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. सोलापूरचा माणूस, पण कारखाना झाला बंगळुरूला. कारण म्हैसूर संस्थानाने जागा दिली आणि भांडवलात २५ लाख रुपये घातले. पुढे सरकारने ती कंपनी ताब्यात घेतली आणि तिचीच आजची एचएएल झाली. आज बंगळुरूच्या गल्लीबोळांत विमानाचे भाग करणारी जी शेकडो वर्कशॉप आहेत, त्यांची मुळं त्या एका निर्णयात आहेत. सरकारने एका ठिकाणी पाय रोवला आणि ऐंशी वर्षं तो काढला नाही. मी त्याच कॉलेजात शिकलो, पण आमच्या वेळी हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगायला हवं होतं.

आता आतली गोष्ट. तुम्ही विट्याच्या, म्हणजे सोनं गाळणाऱ्या गलाईवाल्यांच्या मुलखातल्या. टंच, म्हणजे सोन्याचा कस, म्हणजे काय हे तुम्हाला समजावायला नको. सोनं कितीही पिवळंजर्द दिसलं तरी टंच निघाल्याशिवाय त्याला भाव नाही. विमानाच्या जॉबचंही तसंच आहे. माप मायक्रॉनमध्ये बरोबर आलं, फिनिश आरशासारखी आली, तरी तो धातू कुठल्या भट्टीतल्या कुठल्या ओतीचा आहे हे कागदावर सिद्ध झालं नाही तर तो जॉब भंगार.

आमच्याकडे हे घडलंय. काम नवीन होतं तेव्हा १२० ब्रॅकेटचा एक लॉट पूर्ण करून पाठवला. मापं सगळी पास. पण बार कापताना ज्या टोकावर हीट नंबर, म्हणजे ओतीचा नंबर, पंच केलेला होता, ते टोक पहिल्याच कटात गेलं आणि उरलेल्या बारवर नंबर पुन्हा टाकायचा राहिला. मधल्या रॅकवर त्याच जाडीचा दुसरा बार होता. कुठला ब्रॅकेट कुठल्या बारचा, हे सांगता येईना. अख्खा लॉट परत आला. ते १२० ब्रॅकेट मी स्वतः एकेक करून लाल रंगाने खुणावले आणि भंगारच्या पेटीत टाकले. कापल्यावर कडेला राहणारी धातूची कूस, म्हणजे बर, हाताला कुठेही लागत नव्हती, इतके सुबक झाले होते. त्या दिवसापासून आमच्याकडे बार कापण्याआधी नंबर दुसऱ्या टोकावर उतरवतात आणि दोन माणसं सही करतात.

यातच तुमच्यासाठी नोकरी आहे, ताई. मशीन चालवणारी पोरं आपल्याकडे चांगली आहेत. किर्लोस्करवाडी १९१० सालची, साताऱ्यात कूपरांचा कारखाना १९२२ चा. शंभर वर्षं या पट्ट्यात लोखंडाला आकार देणारे हात तयार होत आलेत. कमी पडतात ती कागद सांभाळणारी, ड्रॉइंग वाचणारी आणि मोजणारी माणसं. जतच्या आयटीआयमधून आलेली एक मुलगी आमच्याकडे भिंगाखाली डिबरिंग, म्हणजे ती बर काढायचं काम, करायची. दीड वर्षात ती सीएमएमवर, म्हणजे प्रोब टेकवून मापं घेणाऱ्या मशीनवर, बसली. आज नव्या जॉबच्या पहिल्या नगाचा तपासणी अहवाल, ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला नंबर देऊन, ती एकटी तयार करते. पुण्याहून आलेल्या ऑडिटरने तिला सरळ विचारलं, हे प्रोब कुठल्या तारखेला कॅलिब्रेट केलं? तिने फाइल न उघडता तारीख सांगितली आणि मग फाइल उघडून दाखवली. मी तिथेच उभा होतो, मला फार बरं वाटलं.

योजनांचं म्हणाल तर ज्यांचा खरा उपयोग होतो तेवढ्याच सांगतो. डिप्लोमा झाल्यावर एनएटीएस या केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव घाला. या अप्रेंटिसशिपमध्ये किमान विद्यावेतनाचा निम्मा भाग केंद्र सरकार देतं, त्यामुळे छोटे कारखानेही घ्यायला तयार होतात. ओझरला एचएएलमध्येही अप्रेंटिसची भरती निघते, त्यावर लक्ष ठेवा. काकांच्या वर्कशॉपची उद्यम नोंदणी (लघु उद्योगाची सरकारी नोंद) नसेल तर आधी ती करा. केंद्राच्या सार्वजनिक कंपन्यांनी २५ टक्के खरेदी सूक्ष्म आणि लघु उद्योगांकडून करावी असं धोरण आहे, त्यातले ३ टक्के महिलांच्या मालकीच्या उद्योगांसाठी. पुढेमागे वर्कशॉप तुमच्या नावावर चालवायचा विचार असेल तर हे लक्षात असू द्या. छोट्या पुरवठादाराचं बिल खरेदीदाराला ४५ दिवसांत द्यायला लावणारा कायदाही आहे. वेळेत न दिलेलं बिल त्या वर्षीच्या खर्चात धरू न देणाऱ्या आयकराच्या कलमामुळे आता मोठे लोक त्याला थोडे घाबरतात. एएस ९१०० हे विमान उद्योगाचं गुणवत्ता प्रमाणपत्र मात्र काकांनी इतक्यात घेऊ नये. एका लेथवर ते परवडत नाही. आधी कुणा प्रमाणपत्रवाल्याचं जॉब वर्क घ्या, त्यांच्या पद्धतीने दोन वर्षं कागद ठेवायला शिका.

आता माझी तक्रार, आणि ती मी मनापासून करतो. महाराष्ट्राने २०१८ मध्ये विमान आणि संरक्षण उत्पादनाचं स्वतंत्र धोरण केलं, पण केंद्राचे दोन संरक्षण कॉरिडॉर, म्हणजे संरक्षण उद्योगासाठी ठरवलेले पट्टे, उत्तर प्रदेश आणि तमिळनाडूला गेले. चाचणीच्या सोयींसाठी २०२० मध्ये जी ४०० कोटींची योजना आली, जिच्यात ७५ टक्क्यांपर्यंत पैसा सरकारचा असतो, तिचाही ओढा तिकडेच. आम्हाला एका कोटिंगचा नमुना तपासायचा तर तो पुण्याला जातो, तिथे सोय नसेल तर बंगळुरूला. अहवाल येईपर्यंत दहा-बारा दिवस मशीनला दुसरा जॉब लावावा लागतो. पुन्हा सेटिंग, पुन्हा पहिला नग. सांगली, कोल्हापूर, सातारा या तिन्ही जिल्ह्यांत मिळून चाचणीची आणि प्रोसेसिंगची एक चांगली सामाईक सोय झाली तर दहा उद्घाटनांपेक्षा जास्त पोरं कामाला लागतील. अपशिंगे मिलिटरीसारखं गाव या मातीत आहे, देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात १९६१ मध्ये उघडली. सैन्याला माणसं पुरवणाऱ्या भागाला सैन्याचं सामान करायची सोयही मिळावी, एवढंच मागणं आहे.

आता उसाचं. एक किलो विमानाचं इंधन जळलं की सुमारे ३.१६ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. बॅटरीवर मोठं विमान लांब नेता येत नाही, म्हणून इंधनच बदलायचं चाललंय. इथेनॉलच्या रेणूतूनच पाणी काढून इथिलीन वायू करायचा, त्याचे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या करायच्या, मग हायड्रोजन लावायचा. जे निघतं ते नेहमीच्या इंधनात निम्म्यापर्यंत मिसळता येतं, इंजिनात काही बदलावं लागत नाही. यातला कार्बन उसाने वाढताना हवेतूनच घेतलेला असतो, हा त्यामागचा विचार. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला प्रवासी विमान गेलं, त्यात पुण्याच्याच प्राज कंपनीने देशी कच्च्या मालापासून केलेलं असं इंधन थोडं मिसळलं होतं.

म्हणजे गोष्ट खरी आहे. पण ती उसाच्या बिलात लगेच दिसेल असं धरून चालू नका. आंतरराष्ट्रीय उड्डाणांसाठी भारताने २०२७ मध्ये १ टक्का, २०२८ मध्ये २ आणि २०३० मध्ये ५ टक्के मिश्रणाचं उद्दिष्ट ठेवलंय. ब्रिटनने आणि युरोपीय संघाने २०२५ पासून २ टक्के कायद्यानेच बंधनकारक केलं आणि २०३० साठी अनुक्रमे १० आणि ६ टक्के आजच लिहून ठेवले. कारखाना काढणाऱ्याला असा लिहून ठेवलेला आकडा लागतो. आपल्याकडे काय झालं ते वडिलांना विचारा. साखर कारखान्यांनी कर्जं काढून डिस्टिलऱ्या वाढवल्या, पाऊस कमी झाला, साखर कमी पडेल म्हणून ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करायला मनाई केली. थोड्याच दिवसांत मर्यादा घालून परवानगी दिली आणि पुढच्या हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये बंधन उठवलं. लोकांना साखर रास्त दरात मिळायला हवी, हे मला पटतं. पण ऐन गाळपात नियम बदलला तर विमान इंधनाचा काही शे कोटींचा प्रकल्प कोण उभारेल? तेजसच्या बाबतीत आम्हाला जी दहा वर्षं दिसली, ती डिस्टिलरीवाल्याला अजून दिसलेली नाहीत.

दुसरी गोष्ट पुन्हा टंचाचीच. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय कार्बन हिशेबात हे इंधन धरायचं तर जमिनीपासून टाकीपर्यंतचं उत्सर्जन मोजतात आणि ते साध्या इंधनापेक्षा किमान १० टक्के कमी असावं लागतं. खत, ट्रॅक्टरचं डिझेल, पंपाची वीज, सगळं त्यात येतं. तुमच्या रानाला टेंभूचं पाणी असेल तर ते कऱ्हाडजवळून टप्प्याटप्प्याने पंपांनी वर चढवलेलं आहे. पाटाने सोडलेल्या उसाचा आणि ठिबकवरच्या उसाचा हिशेब इथे वेगळा पडू शकतो. ज्या कारखान्याकडे गटवार नोंदी असतील, कुठला ऊस, किती पाणी, किती युरिया, त्याच्या इथेनॉलला हा कागद मिळणं सोपं जाईल. आमच्या बारच्या हीट नंबरसारखंच आहे हे. पानिपतच्या रिफायनरीला २०२५ मध्ये असं प्रमाणपत्र मिळालं ते वापरलेल्या खाद्यतेलापासूनच्या इंधनाला. तळणीचं तेल उसाच्या पुढे गेलं. आणि पाण्याचं म्हणाल तर, फक्त विमानासाठी म्हणून आणखी ऊस लावावा या मताचा मी नाही. आहे त्या उसाची मळी आणि चिपाड आधी नीट वापरात यावं.

वडील ठिबक करणार असतील तर पहिल्या दिवसापासून वही घालायला सांगा : किती तास मोटर चालली, किती पोती खत गेलं. आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट अजून ठरला नसेल तर काकांच्या लेथवरचाच एक जॉब घ्या. त्याचं ड्रॉइंग स्वतः काढा, पन्नास नग मायक्रोमीटरने मोजा, प्रत्येक नगाला नंबर द्या आणि माप कधी, कशामुळे सरकलं ते लिहा. मुलाखतीला मार्कशीटच्या आधी ती फाइल टेबलावर ठेवा. आमच्याकडे आलात तर मी तीच आधी उघडेन.