नव्या संसारासाठी बेडशीट सॅटिनची घ्यावी की सुती? आणि गादी कोणती?

लग्नानंतर तुम्ही दोघं डोंबिवलीत भाड्याच्या वन बीएचकेत राहायला जाणार. मैत्रिणी म्हणतात लाल सॅटिनची बेडशीट घे, आई म्हणते कापसाची गादी भरून घ्या. घाम, वास, डाग आणि जवळीक हे सगळं धरून काय घ्यावं, असं तुम्ही विचारलंय. आमचं गाद्या-चादरींचं दुकान आहे आणि काउंटरवर मीच असते. यातलं शेवटचं विचारायला लोक फार अवघडतात. तुम्ही मोकळेपणाने विचारलंत, तर मीही तसंच सांगते.

चादर सुतीच घ्या. परवडणारी सॅटिन बहुतेक पॉलिस्टरची असते आणि पॉलिस्टर घाम पीतच नाही. सुती धागा दमट हवेत स्वतःच्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही नाही. दोघं जवळ आलात की ऊब वाढणार, घाम येणार. तो टिपणारं खाली काही नसलं की पाठ चिकचिकते आणि मग ‘जरा लांब सरक’ सुरू होतं. त्यात उशा घसरतात, चादर गोळा होते. खरं रेशीम सुखाचं असतं, पण महाग, आणि दर आठवड्याला मशीनमध्ये टाकण्याजोगं नाही. सॅटिनची हौस असेल तर उशीचे अभ्रे तेवढे घ्या, केस कमी गुंततात.

दुकानात ‘ग्लेस कॉटन’ म्हणून जे दाखवतात तेही बहुतेक वेळा पॉलिस्टरच असतं. शंका आली तर चादरीच्या कडेचा एक सुटा दोरा ओढून काढा आणि काडी लावा. सुती दोरा कागदासारखा वास देत जळतो आणि राख बोटांत चुरली की भुगा होते. पॉलिस्टर वितळून आकसतं, टोकाला टणक काळा मणी उरतो. आमच्याकडे कुणी असं करून बघायला मागितलं तर मी स्वतः दोरा काढून देते.

थ्रेड काउंटच्या मोठ्या आकड्यांना भुलू नका. एका चौरस इंचात उभे-आडवे मिळून किती धागे, एवढाच तो हिशेब. पिळलेल्या धाग्याचे पदर सुटे मोजून तो सहज फुगवता येतो. साध्या विणीची २००-३००ची चादर आपल्या हवेला उत्तम. माप मात्र नीट बघा. ७२ बाय ७८ इंचाची, ६ इंच जाड गादी असेल तर ९० बाय १०० इंचाची चादर बाजूंना जेमतेम ३ इंच आत खोचली जाते आणि रात्रीत सुटते. १०८ बाय १०८ घ्या.

आईंचं म्हणणं चुकीचं नाही. कापसाची गादी हवा खेळती ठेवते, गोळे झाले की पिंजून पुन्हा भरता येते. पण तिला ऊन दाखवावं लागतं. इमारतीची गच्ची वापरायला मिळणार असेल तर खुशाल भरून घ्या. नसेल तर पावसाळ्यात ती ओल धरेल, वास मारेल. मग काथ्याची गादी आणि वर पातळ फोम किंवा लेटेक्स हे बरं. मेमरी फोम अंगाच्या उबेने मऊ होतो, शरीर आत रुततं आणि उष्णता अडकते. नुसतं झोपायला तो काहींना आवडतो, पण कूस बदलताना आणि जवळ येताना जड जातो. पलंग करकरत असेल तर आधी त्याचे नट आवळून घ्या. पातळ भिंतींच्या घरात त्या आवाजाने माणूस किती चोरटा होतो ते अनेक जोडप्यांकडून ऐकलंय.

कितीही कमी खर्च करायचा असला तरी मॅट्रेस प्रोटेक्टर घ्याच. गादी धुता येत नाही. घाम, त्वचेचा कोंडा, पाळीचं रक्त, वीर्य, तेल सगळं तिच्यात मुरतं. दमट गादीत त्या कोंड्यावर धुळीतले बारीक कीटक जगतात, त्यांच्यामुळे सर्दी आणि दमा बळावतो. वरून टेरीचं कापड आणि खाली पातळ जलरोधक थर असलेला प्रोटेक्टर घ्या. नुसतं प्लास्टिक घामाने चिकटतं आणि चुरचुर वाजतं. डाग पडेल या धास्तीत मन मोकळं होत नाही, म्हणून चादरीवर शिवाय एक गडद सुती पंचा अंथरा.

रक्ताचे आणि वीर्याचे डाग आधी थंड पाण्यात भिजवा, गरम पाण्याने ते पक्के बसतात. आणि संबंधांच्या वेळी ओलाव्यासाठी खोबरेल तेल वापरणार असाल तर चादरीपेक्षा महत्त्वाची गोष्ट: तेलाने लेटेक्सचा कंडोम कमजोर होऊन फाटू शकतो. वॉटर-बेस्ड ल्युब्रिकंट, म्हणजे पाण्याचा आधार असलेलं वंगण घ्या, ते चादरीवरूनही सहज निघतं.

चादर आणि अभ्रे आठवड्यातून एकदा बदला. मशीनला ६० अंशांची सोय असेल तर ती वापरा, त्या पाण्यात कीटक मरतात. सॉफ्टनर नको, त्याने कापड पाणी कमी शोषतं. पावसाळ्यासाठी तीन जोड असू द्या आणि किंचित दमट चादरीची घडी कधीही घालू नका, इस्त्री फिरवून मगच ठेवा. सकाळी उठल्यावर लगेच पलंग आवरू नका, थोडा वेळ पंख्याखाली उघडा राहू दे.

पांघरुणं दोन घ्या, प्रत्येकाचं वेगळं. एकाला उकडतं, दुसऱ्याला थंडी वाजते, आणि एकाच रजईवरून रोज झोपमोड होते. सोलापुरी चादर इथल्या थंडीला पुरते आणि घरीच धुता येते.

गादीची जाडी आणि गच्चीचं काय ते कळवलंत तर नेमकं माप आणि भरण सांगते.